माजघरातून : साखरेचे दुखणे आणि रात्रीची पाळी

गेल्या पंधरवड्यात एका बाईंचे पत्र आले. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि वर कोपऱ्यात तीन रेघा ओढून, 'नाव-गाव छापू नये'. नाही छापत, बाई. निर्धास्त असा. पण तुम्ही जे विचारले आहे ते घरोघरचे आहे, म्हणून उत्तर सगळ्यांदेखत देते.

हकीकत थोडक्यात अशी. बाईंच्या मालकांना, वय पंचेचाळीस, दिवाळीच्या सुमारास साखर निघाली. उपाशीपोटी १९०, जेवल्यावर २८०. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मालक गोळ्या घेतात, पण चोरून. डबी कोनाड्यात बियाण्याच्या पिशवीमागे. भावकीत कुणाला कळता कामा नये, कारण थोरल्या मुलीचे यंदा जमवायचे आहे. 'त्या घरात साखर आहे' असे एकदा झाले की पाहुणे पाय मागे घेतील अशी त्यांना धास्ती. सासूबाईंच्या कानावर मात्र गेले. त्या म्हणतात, आता त्याचे सगळे वेगळे, कारल्याचा रस, नाचणीची भाकरी, वेगळी भाजी, वेगळी चूल. "मी दोन चुली कुठवर सांभाळू? आणि दोन चुली मांडल्यावर लपून तरी काय राहणार?" असा बाईंचा सवाल आहे. सवाल बिनतोड आहे.

चुलीचे उत्तर सोपे आहे, ते पुढे देते. आधी लपवण्याचे बोलू. कारण आमच्या घरी हे लपवणे जिवावर बेतले होते.

आमच्या ह्यांना २०१२ साली हे दुखणे निघाले. तेव्हा आम्हीही तुमच्यासारखेच केले. तालुक्याला जायचे ते 'बियाणे आणायला जातो' म्हणून. २०१६ पासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई सुरू झाली, तीही दार लोटून. गड्याला माहीत नाही, शेजारी माहीत नाही, धाकट्या दिराला माहीत नाही. जानेवारी २०१९. आमचा भाग मंगळवेढ्याकडचा, थंडी मरणाची. पंपाच्या लाईटची त्या आठवड्यात रात्रीची पाळी. ह्यांनी सात वाजता सुई घेतली. मी पिठात पाणी घातले होते, तवा तापत होता, एवढ्यात निरोप आला की डीपीवरचा फ्यूज गेला. "आलोच" म्हणून जे गेले, ते तिकडूनच मोटर चालू करून कांद्याला दारे धरायला उभे राहिले. मला वाटले, देवळापाशी गप्पा मारत बसले असतील. मीही झाकून ठेवून दिले.

अकराच्या सुमाराला बांधाला बांध असलेले शेजारी आले. दारातूनच म्हणाले, "वैनी, आण्णा बांधावर बसल्यात. कायबाय बडबडत्यात. आज घेतलेली दिसतीया." आणि हसले. अहो, आमचे हे माळकरी! मी आणि थोरला पळत गेलो. बघते तर तिथे आणखी दोघे उभे. एक जण बॅटरीचा उजेड तोंडावर मारून थट्टा करतो आहे, दुसरा सांगतो आहे, बाहेरचे काही दिसते, लिंबू उतरा. जानेवारीची थंडी, आणि ह्यांची बंडी घामाने पिळून काढावी अशी. हात थरथरत होते, डोळे आमच्याकडे होते पण ओळख नव्हती. विहीर तिथून पंधरा पावलांवर. बिनकठड्याची.

मला डॉक्टरांनी एकदा सांगितले होते, 'सुई टोचली की ताट समोर हवे. ताट चुकले तर साखर खाली येते, आणि खाली आलेली साखर माणसाला दारुड्यासारखे करते.' ते आठवले. सुनेने घरून साखरेचा डबा आणला. पेल्यात मूठभर साखर, कॅनमधले पाणी, आणि थोडे थोडे पाजले. हात झटकत होते, पण गिळत होते. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. मग एकदम म्हणाले, "पाणी कुठल्या वाफ्यात आहे? दारं मोडलं का कुणी?" मी तिथेच चिखलात बसून रडले.

दुसऱ्या दिवशी ते शेजारी आले. मान खाली घालून म्हणाले, "वैनी, आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो का?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. अर्धा तास तो माणूस ह्यांच्या शेजारीच उभा होता. घर हाकेच्या अंतरावर, घरात साखर. पण काय झाले आहे हे ठाऊक नसल्यावर साखर असून काय उपयोग?

म्हणून बाई, गावभर दवंडी पिटू नका, पण चार माणसांना सांगाच. बांधशेजारी, घरचा गडी, मोटारसायकलवर मागे बसवून नेणारा पुतण्या, आणि मुलगी. होय, तीच जिचे लग्न जमवायचे आहे. त्यांना एवढेच शिकवा. औषध चालू असलेला माणूस एकाएकी घामाघूम झाला, हातपाय कापू लागले, छातीत धडधडले, भूक लागली म्हणाला, किंवा चिडचिड नाहीतर असंबद्ध बडबड करू लागला, तर साखर कमी झाली असे आधी धरून चालायचे. यंत्र हाताशी असेल तर बघावे. ७० च्या खाली असेल तर नक्कीच. नसेल तर यंत्र शोधत बसू नये. चहाचे तीन चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यात ढवळून द्यावी. पंधरा मिनिटे थांबावे. फरक नाही पडला तर पुन्हा तेवढीच. माणूस ताळ्यावर आला की अर्धी भाकरी किंवा जे शिजले असेल ते खाऊ घालावे, नाहीतर तासाभराने पुन्हा तोच प्रसंग. गूळही चालतो, पण खडा चघळत बसण्यापेक्षा पाण्यात विरघळलेली साखर लवकर लागू पडते. पेढा, बर्फी, क्रीमची बिस्किटे यात तूप-चरबी असल्याने त्यांची साखर सावकाश चढते, म्हणून त्या वेळी ती उपयोगाची नाहीत. आणि शुद्धच हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, पाणीसुद्धा नाही. श्वासनलिकेत जाते. एका कुशीवर निजवा, १०८ ला फोन लावा आणि दवाखाना गाठा.

एक बारीक गोष्ट. हे साखर उतरणे इन्सुलिनने होते, तसे काही गोळ्यांनीही होते. ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड ही त्यातली नावे. नुसती मेटफॉर्मिन असेल तर सहसा होत नाही. तुमच्या मालकांची गोळी कुठली ते चिठ्ठीवर बघा, समजले नाही तर डॉक्टरांना सरळ विचारा. गोळीने साखर उतरली असेल तर ती दिवसभरात पुन्हा उतरू शकते, म्हणून बरे वाटले तरी दवाखान्यात दाखवलेच पाहिजे.

तेव्हापासून ह्यांच्या प्रत्येक बंडीच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत साखरेची पुडी असते. धुण्याला टाकताना मी आधी पुडी काढते, मग सुट्टे पैसे. आणि रात्रीची पाळी असली की जेवण झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, एकट्याने जायचे नाही. रात्रभर जागून दारे धरायची असतील तर सुईचे माप आणि वेळ डॉक्टरांना विचारून ठेवलेली आहे. आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही.

आता मुलीच्या लग्नाचे. २०२३ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. त्यात खेड्यांतल्या मोठ्या माणसांत शेकडा जवळजवळ ९ जणांना मधुमेह दिसला, शहरात शेकडा १६ जणांना. म्हणजे बघायला येणाऱ्या पाहुण्यांत दहा-बारा मोठी माणसे असली तर त्यांच्यातच एखादा निघायचा. त्यांची डबी कुठल्या कोनाड्यात आहे ते आपल्याला माहीत नाही इतकेच. आई-बापांना असला की मुलांना होण्याचा संभव वाढतो हे खरे. ते मी लपवणार नाही. पण संभव वाढतो म्हणजे होतोच असे नाही, आणि जाडी न वाढू देणे, हातपाय हलते ठेवणे, वेळच्या वेळी तपासणे याने तो पुष्कळ टळतो, नाहीतर लांबणीवर पडतो. मुलीला लपवाछपवीपेक्षा हे ज्ञान द्या. (लहान मुलांना होतो तो मधुमेह निराळा. त्यांना पहिल्या दिवसापासून इन्सुलिनच लागते, आणि त्यात आईबापांच्या खाऊ घालण्याचा काही दोष नसतो.)

"आम्ही राबणारी माणसे, आम्हाला कुठला साखरेचा आजार?" असे पुष्कळ जण म्हणतात. आमचे हेही म्हणत. पण हिशेब करा. आजोबा मोट हाकायचे, आपण बटण दाबतो. नांगरट ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने, मळ्यात जायचे मोटारसायकलवर. पोटाने मात्र आजोबांची भाकरी सोडलेली नाही. जुन्या सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला काय सांगितले आहे ठाऊक आहे? शंभर योजने चालत जा, शेत नांगर, विहीर खण. म्हणजे आपण जे यंत्रांच्या हवाली केले तेच! फक्त त्यात पायात काही न घालता चाला असेही म्हटले आहे, ते तेवढे ऐकू नका. का ते पुढे येतेच.

चुलीकडे वळते. चूल एकच ठेवा, आणि त्यांच्यासाठी जे कराल तेच सगळ्यांनी खा. वेगळे ताट वाढले की माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो, आणि मग बाहेर जाऊन भजी खातो. आमच्याकडे पहिले वर्ष हेच झाले. नाचणी महाग आणून ठेवलेली, आणि हे स्टँडवर वडापाव खाऊन येत!

ज्वारीची भाकरी चांगली. तिच्यात कोंडा आहे, सावकाश पचते. पण 'ज्वारी चालते' म्हणजे कितीही चालते असा अर्थ लोक काढतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्टच असते, आणि पोटात गेल्यावर पिष्टाची साखरच होते. ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, तांदूळ, कुणाचीही यातून सुटका नाही. कमी-जास्त वेगाचा फरक. आमची भाकरी पूर्वी परातीएवढी असायची. आता मी लहान थापते. ह्यांच्या वाट्याला दीड, मजुरीचे काम असेल त्या दिवशी दोन. पोट कशाने भरायचे? भाजीने आणि डाळी-उसळीने. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि काकडी-मुळा-मेथीचा घोळाणा, पाव भाग मटकी, हुलगा, तूर, पिठले, नाहीतर अंडे-मासळी, आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. आपल्याकडे उलटे असते. भाकरीचा ढीग आणि तोंडी लावायला भाजी. भाजी तोंडी लावायची वस्तू नाही हे मला पन्नाशीत कळले.

गुळाबद्दल भांडण होते, तेही मिटवून टाकू. गूळ सेंद्रिय असो, काळा असो, घरच्या गुऱ्हाळाचा असो, रक्तात गेल्यावर तो साखरच. थोडे लोह वगैरे असते, पण तेवढ्यासाठी त्याला औषध म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत. उसाचा रसही तसाच. आणि चहा! आपल्याकडे चार घरी गेले की चार कप होतात, नाही म्हटले तर रुसवा. कपात दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम धरा, दिवसाला सहा कप, तर ६० ग्रॅम झाली. महिन्याला एक किलो आठशे ग्रॅम साखर एकट्या माणसाच्या पोटात नुसत्या चहातून. आम्ही एकदम बंद नाही केली. दोनाचे दीड, दीडचा एक, असे करत दोन महिन्यांत बिनसाखरेवर आलो. आता घरात सगळ्यांचाच चहा तसा असतो. पाहुण्यांपुढे साखरेची वाटी वेगळी ठेवते. हेही लपवणे सोडल्यामुळेच जमले, हे बाईंनी लक्षात घ्यावे. 'मला साखर आहे, बिनसाखरेचा द्या' असे मोठ्याने म्हणता आले की अर्धे पथ्य तिथेच पाळले जाते.

कारले, मेथी, जांभळाची बी यांचे काय? सासूबाईंचा मान राखा. कारल्याची भाजी करा, मेथी रोज करा, चांगलीच आहे. पण गोळीच्या जागी नव्हे. इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. २०१४ साली एका गृहस्थांनी बाजारात पुडी दिली. 'तीन महिन्यांत साखर मुळापासून जाते, फक्त इंग्रजी गोळ्या बंद करा.' मीच ह्यांच्या मागे लागून गोळ्या बंद करवल्या. गोळ्यांनी उष्णता होते असे माझ्या डोक्यात बसले होते. तीन महिन्यांनी तपासले तर साखर ४१२. पुडीवाल्याचा पत्ता नाही. आता गंमत बघा, ज्या मेटफॉर्मिनला मी 'केमिकल' म्हणत होते, तिचे मूळ युरोपातल्या एका झुडपातच आहे. गुरांच्या चाऱ्यात ते जास्त गेले की मेंढरे दगावत. त्यातले द्रव्य पुढे शोधले गेले. त्यावरून सुरक्षित औषध घडवायला शास्त्रज्ञांची कित्येक वर्षे गेली, आणि १९५७ साली फ्रान्समध्ये ते मधुमेहावर प्रथम वापरले गेले. म्हणजे झाडपाल्याचेच, पण मोजून-मापून तपासलेले. ही गोळी जेवणाबरोबर घ्यावी. सुरुवातीला पोट बिघडते, बहुतेकांचे पंधरा दिवसांत बसते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. माळकरी, शाकाहारी माणसांनी तेवढे अधूनमधून तपासून घ्यावे.

आणि आता पाय. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिले असते.

२०१६ च्या मार्चमध्ये ज्वारी काढून झाली होती. हे अनवाणी रान फिरायला गेले. संध्याकाळी पाय धुताना मी बघितले, डाव्या करंगळीच्या बुडाशी धसकट घुसलेले, रक्त वाळलेले. म्हटले, "अहो, हे काय?" तर म्हणतात, "कुठं काय?" त्यांना कळलेच नव्हते. मधुमेहाने पायाच्या नसा बोथट होतात. काटा रुतला, चटका बसला, चप्पल चावली, काही समजत नाही. दुखत नाही म्हणून माणूस खूश असतो, आणि तेच वाईट. आम्ही हळद भरून बांधली. आठ दिवसांत बोट काळे पडले. तालुक्याहून जिल्ह्याला, आणि शेवटी करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस घरी काढले असते तर घोट्यापासून गेला असता. एका धसकटापायी!

तेव्हापासून रोज रात्री दिव्याखाली पाय बघण्याचा नेम आहे. तळवा ह्यांना स्वतःला दिसत नाही, म्हणून मी बघते. कधी नात बघते, तिला ते फार आवडते. बोटांच्या बेचक्यातही बघायचे. पाणी धरल्यावर तिथे चिखली होते. पाय धुऊन बेचके कोरडे पुसायचे. भेगांना खोबरेल किंवा कोकमाचे तेल लावायचे, पण बेचक्यात नाही. रानात बंद बूट, पाण्यात गमबूट, आणि घालण्याआधी बूट उलटा करून आपटायचा. खडा निघतो, कधी विंचूही निघतो. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच. आंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने बघायचे. थंडीत शेकोटीला पाय लावून बसायचे नाही, गरम विटेचा शेक नाही. कुरूप ब्लेडने कापायचे नाही. आणि पायाला जखम दिसली, ती दुखत नसली तरी, त्याच दिवशी दाखवायची. आषाढीच्या वारीला जाणाऱ्यांनी हे दुप्पट ध्यानात ठेवावे. आमचे हे आजही दिंडीबरोबर चालतात, पण मोजे-बूट घालून. कुणी नावे ठेवली तर करंगळीची जागा दाखवतात.

इन्सुलिनबद्दल दोन शब्द, कारण सुई म्हणजे शेवट असे खेड्यात समजतात. शेवट नव्हे. १९२२ च्या जानेवारीत कॅनडात एका चौदा वर्षांच्या मरणपंथाला लागलेल्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले आणि तो वाचला. त्याआधी अशी मुले वाचतच नसत. सुईची भीती दोन दिवसांची. भीती बाळगायची तर मापाची बाळगा. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे असते, त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटच्या कुपीला केशरी टोपणाची. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. दुकानदाराने 'तीच आहे हो' म्हटले तरी स्वतः वाचावे, नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे. अदलाबदल झाली की अडीचपट चूक होते.

फ्रीज नसला तरी अडत नाही. न फोडलेली कुपी थंडच लागते. ती दुकानदाराकडे किंवा आरोग्य केंद्रात ठेवून एकेक आणावी. फोडलेली कुपी साधारण महिनाभर सावलीत, गारव्याला टिकते. आमच्याकडे मोठ्या मडक्यात वाळू, वाळू रोज दोनदा भिजवायची, मध्ये लहान मडके, त्यात पिशवीत बांधलेली कुपी, वर ओले फडके. आमच्या कोरड्या हवेत हे छान चालते. कोकणातल्या दमट हवेत तेवढे गार होत नाही. फ्रीज असेल तर दारातल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यायचे. मोटारसायकलच्या डिकीत, पत्र्याखाली, खिडकीत ठेवू नका.

यंत्राच्या पट्ट्या महाग पडतात, म्हणून वेळ बघून वापराव्यात. औषध बदलले, आजारी पडलो, कसेतरी वाटले, तेव्हा. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. ह्यांचा आकडा एकदा ३४० आला आणि घरात रडारड. मग कळले, हे गुळाची ढेप फोडून तसेच बसले होते. हात धुऊन पुन्हा बघितले तर १५५! दर तीन महिन्यांनी जी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते ती करावी. बहुतेकांना ती ७ च्या आत हवी, म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर थोडी सूट देतात. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिने आणि पायाच्या नसा तपासाव्यात. रक्तदाबाचे बघावे. तंबाखू आणि मिश्री सोडावी. हे मी बायांनाही सांगते आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब उपकेंद्रात फुकट तपासतात, आशाताईंना विचारा. बाई, मालकांबरोबर तुम्हीही जा. घरची बाई स्वतःचे कधी तपासत नाही.

उपवासांविषयी पुष्कळ जणी विचारतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसते पिष्ट. त्यात बटाटा, वर रताळे, म्हणजे एकादशी दुप्पट खाशी! सुई किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर निर्जळी, कडकडीत उपास करूच नये. करायचाच तर डॉक्टरांना आधी विचारून, आणि त्या दिवशी थोडी भगर, राजगिऱ्याची भाकरी, ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे. ह्यांनी एकादशीला 'भाकरी खाणार, पण हरिपाठ दोनदा म्हणणार' असा तोडगा काढला. विठोबाची तक्रार आलेली नाही. आणि ताप, उलट्या, जुलाब असताना 'खाल्ले नाही म्हणून सुई नको' असे स्वतःच ठरवू नका. आजारात साखर चढतेही. त्या दिवशी डॉक्टरांना फोन करायचाच.

पत्राच्या शेवटी बाईंनी विचारले आहे, माहेरचा हुरड्याचा निरोप आला आहे, मालकांना न्यावे की काही कारण सांगावे? न्या. हुरडा म्हणजे कोवळी ज्वारीच. दोन मुठी खाऊ द्या, त्या वेळची भाकरी वजा करा. शेंगदाण्याची, लसणाची चटणी हवी तेवढी, ताक हवे तेवढे, गूळ आणि रेवड्या पोरांकडे सरकवा. गोळी वेळेवर घ्यायला लावा, सगळ्यांसमोर. आणि रानातून उठताना पायात काही घातले आहे का, एवढे बघा.

पुढच्या अंकात कुरडयांच्या चिकाबद्दल लिहीन. गव्हाचा चीक आंबट होतो अशा पाच तक्रारी आल्या आहेत.